वांग्याच्या पानातला निरोप

ताई, काल मी दुकानातून तीन वेळा उठलो. पहिल्यांदा तुमच्या कॉलेजपर्यंत गेलो आणि फाटकावरूनच वळलो. दुसऱ्यांदा गोडादऱ्याला तुमच्या सोसायटीखाली स्कूटर लावली, वर बघितलं, निघालो. तिसऱ्यांदा कुठे जायचं तेच ठरेना, म्हणून पर्वत पाटियाच्या पुलाखाली उभं राहून उसाचा रस प्यायलो. मला उसाचा रस आवडत नाही. परत आलो तर एम्ब्रॉयडरी मशीनचं सर्किट कार्ड तसंच उघडं पडलेलं. त्याच्या एकाच जागी चार वेळा सोल्डर लावलं आणि चारही वेळा काढलं.

बायको सकाळी म्हणाली, "लिखी काढा, नहीते तुमनं डोकं फुटी जाई." तिचं ऐकतोय.

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. कॉलेजात शोकसभा झाली. तुमच्या पदव्या, नोकरीची वर्षं, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं, सगळं सांगून झालं. कोणीतरी मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, "मॅडम फार चांगल्या होत्या" एवढंच म्हणालो आणि बसलो. मशीनची कार्डं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे इतकी वर्षं काय काम होतं, हे तिथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. उरलेल्या अर्ध्यांना वाटत होतं की मी तुमचा नातेवाईक आहे.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा माझ्याशी हिंदीत बोललात. "भैया, यह अ‍ॅम्प्लिफायर है. रिपेअर होगा?" मी तो डबा उलटसुलट करून पाहत होतो, तर तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात, "ह्याला काही जमेल असं दिसत नाही."

मी म्हटलं, "जमेल. पण आधी उघडावा लागेल."

तुम्ही इतक्या ओशाळलात की ते झाकायला लगेच माझं गाव विचारलंत. मी अमळनेरकडचा, तुम्ही जळगावच्या. मग डबा राहिला बाजूला आणि भरताच्या वांग्यांवर बोलणं सुरू झालं. ती हिरवी, पांढुरकी, लांबट वांगी इथे सुरतेच्या बाजारात मनासारखी मिळत नाहीत, म्हणून तुम्ही बी आणून सोसायटीच्या अगाशीवर कुंड्यांत लावली होती. निघताना मी विचारलं, हा डबा कशासाठी. तुम्ही म्हणालात, "झाडाच्या एका पेशीतला व्होल्टेज मोजायचा आहे." मला वाटलं, मघाचं ओशाळणं माझी चेष्टा करून फेडताय.

डबा घेऊन मीच कॉलेजात आलो ते ही चेष्टा बघायला. तुम्ही काचेची बारीक नळी ज्योतीवर धरून दोन्हीकडून ओढलीत. केसाहून बारीक टोक झालं. नळीत खारं पाणी भरलंत, सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक पेशीत घालायला गेलात आणि ते निसटलं. पुन्हा घातलंत, पुन्हा निसटलं. कॉलेजच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. आपल्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय की टेबल थरथरतंय हे तुमच्या लक्षातच आलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या चार जुन्या ट्यूब आणल्या, हवा भरून टेबलावर ठेवल्या आणि वर कडप्पा टाकला. त्या दुपारी सुई पेशीत शिरली आणि राहिली. मीटरवरचा आकडा शून्यावरून घसरत उणे शंभर मिलिव्होल्टच्या खाली गेला.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होतो. माझं आयुष्य व्होल्टेज मोजण्यात गेलेलं, पण तो नेहमी कुठून तरी तारेने आलेला असायचा. इथे तार नव्हती. वांग्याचं रोप होतं.

तुम्ही समजावलंत की पेशी स्वतःला बाहेरच्यापेक्षा उणे ठेवते, त्यासाठी सतत राबते. तिच्या पातळ पडद्यात प्रथिनांची दारं असतात. कुठलं पोटॅशियमचं, कुठलं कॅल्शियमचं. दार उघडलं की हा आकडा हलतो.

"आणि उघडतं कोण?" मी विचारलं.

"काही दारांना ओळखणारं प्रथिन असतं. रिसेप्टर म्हणतात. ठरावीक रेणू येऊन त्याला चिकटला की दार उघडतं."

"म्हणजे आमच्या मशीनवरचा धागा तुटल्याचा सेन्सर."

तुम्ही म्हणालात, "चालेल. पण मशीनला सेन्सर तू बसवतोस. झाडाने तो स्वतः घडवलेला असतो."

"तू" म्हणालात तुम्ही मला. तोवर वसंतभाई होतो.

तुमचा प्रश्न साधा होता. अळीने एक पान कुरतडलं की दूरच्या पानाला ते कळतं, हे जगात इतरांनी दाखवलेलं होतं. फाटलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं, शेजारच्या पेशींचे रिसेप्टर ते ओळखतात, दारं उघडतात, कॅल्शियम आत धावतं, आणि ही लाट एका पानातून दुसऱ्या पानात जाते. दूरचं पान मग अळीला नकोसा होईल असा रस तयार करायला लागतं. तुम्हाला एवढंच बघायचं होतं की आपलं भरताचं वांगं हा निरोप कसा पाठवतं, आणि बाजारातलं संकरित वांगं कसा. मोठ्या प्रयोगशाळेत कोणी हा प्रश्न विचारला नसता. म्हणून तो तुमचा होता.

दोन पानांना चांदीच्या तारा लावायच्या, एक पान कात्रीने कापायचं, दुसऱ्याच्या व्होल्टेजची रेघ स्क्रीनवर बघायची. एका हिवाळ्यात तुम्हाला उत्तर मिळालं. भरताच्या वांग्याचं पान कापलं की त्याच क्षणी दूरच्या पानाची रेघ उसळायची. त्याच क्षणी. संकरित रोपावर ती एवढी उसळत नव्हती. तुम्ही दुकानात घारीची मिठाई घेऊन आलात. शेजारच्या दुकानांतही वाटलीत. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचं पक्कं झालं. माझं नाव तुम्ही निबंधावर घातलंत आणि मला ते दाखवलंत. माझ्या नावापुढे पदवी नव्हती, नुसतंच नाव, तुमच्या नावाशेजारी.

मग एक दिवस तुम्ही सुती साडी नेसून आलात आणि भरताच्या रोपाची रेघ हलली नाही. तुम्ही म्हणालात, आज रोप सुकलंय. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. तुम्ही तासावर गेलात तेव्हा मी पिशवीतून एम्ब्रॉयडरीच्या नमुन्याचं पॉलिएस्टरचं कापड काढलं, बाहीवर घासलं आणि रोपाजवळ हलवलं. पान कापलं नव्हतं. रेघ उसळली. पुन्हा हलवलं, पुन्हा उसळली.

कापायला तुम्ही वाकायचात, तुमच्या रोजच्या पॉलिएस्टरच्या साडीचा पदर रोपाजवळ यायचा आणि कोरड्या हवेत त्या साडीवर साठलेली वीज आपल्या तारांना कळायची. भरताची कुंडी टेबलाच्या तुमच्या बाजूला असायची, संकरित पलीकडे. एवढंच होतं ते. सगळं सुरत ज्या कापडावर जगतं, त्या कापडाचा निरोप आपण वांग्याचा म्हणून लिहून ठेवला होता.

मी कापड पिशवीत घातलं. तुम्ही तासावरून आलात, चहा मागवलात, निबंधातलं एक वाक्य मला वाचून दाखवलंत. मी म्हटलं, "छान आहे."

तीन आठवडे मी गप्प राहिलो, ताई. रोज ठरवायचो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सांगी टाका ना त्यास्ले. कितला दिन लपाडशात?" मी तिच्यावरच चिडलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो, असं मी मनाला सांगत होतो. माझं नाव त्या कागदावर होतं, हेही होतंच. आज तेरा दिवसांनी खोटं कशाला बोलू.

तुम्ही पुण्याच्या बसला उभ्या होतात तेव्हा सांगितलं. पर्वत पाटियाला, ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर, बस फुटपाथला लागलेली. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. विचारलंत, "कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

तुम्ही बॅग उचललीत आणि बसमध्ये चढलात. मागे बघितलं नाहीत.

पुण्यात तुम्ही काय केलंत ते मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही तुमच्याकडूनच. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात की हा निष्कर्ष चुकीचा आहे, तो माझ्या साडीमुळे आला, आणि चूक माझ्या सहकाऱ्याने शोधली. लोक हसले. तुम्ही ते हसू थांबेपर्यंत उभ्या राहिलात आणि मग चूक कशी शोधली ते सांगितलंत. सहकारी म्हणालात. मला तुम्ही त्या दिवशी तोंडावर मिस्त्री म्हणाला असतात तरी मी ऐकून घेतलं असतं.

सहा महिने तुम्ही दुकानाकडे फिरकला नाहीत. मी दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी तुम्ही रिक्षातून उतरलात, काखेत तांब्याच्या जाळीची गुंडाळी. ती माझ्या टेबलावर टाकलीत.

"पिंजरा करायचा आहे. रोपाभोवती. बाहेरचं काही आत यायला नको."

मी स्टूल पुढे केलं. तुम्ही बसला नाहीत.

"एक अट आहे, वसंता. तुझ्या मीटरवर जे दिसेल ते त्याच दिवशी मला सांगायचं. मला काय वाटेल ते माझ्यावर सोड. ते तू ठरवायचं नाही."

मी "हो" म्हटलं. तुम्ही मग बसलात आणि चहाचं विचारलंत. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही. मागायची राहून गेली, असं वाटायचं. आता कळतं की तुम्ही ती मागायला जागाच ठेवली नव्हती, कारण तुम्हाला माफी नको होती. तुम्हाला तो "हो" हवा होता.

त्या दिवाळीत लूम बंद झाले. नवागाम, डिंडोली, गोडादरा, सगळीकडचे कामगार गावी गेले आणि कॉलेजमागे पहिल्यांदा पाखरं ऐकू आली. आपण मात्र दोघंही गावी गेलो नाही. जाळीचा पिंजरा, त्यात रोप. तुम्ही सुती साडीत, हातात लांब लाकडी दांडीला बांधलेलं ब्लेड. पान कापलंत आणि दोन पावलं मागे सरकलात. रेघ सरळ. आपण दोघं बघत होतो, रेघ सरळच. मी मनात म्हटलं, गेलं. तुम्ही वही उघडून "काही नाही" असं लिहायला घेतलंत आणि तेवढ्यात रेघ खाली झुकायला लागली. उसळी नव्हती. हळूहळू, कोणी जिना उतरावा तशी उतरली आणि तशीच सावकाश परत वर आली.

तुम्ही उडी मारली नाहीत. खुर्चीवर बसलात, चष्मा काढून पदराने पुसलात आणि म्हणालात, "पोचला. वेळ लागतो त्याला."

पुढे संकरित रोपानेही जवळजवळ तसाच निरोप पाठवला. भरताचं वांगं काही वेगळं निघालं नाही. तुम्ही तेही तसंच लिहून एका लहान मासिकात छापलंत. त्यावर माझं नाव आहे, आणि ते वाचायला मला आता लाज वाटत नाही.

आपलं भांडण मात्र राहिलं. मी म्हणायचो, पान कापलं की झाडाला दुखतं. इतकी यंत्रणा उगाच असेल का? तुम्ही तापायचात. "दुखतं म्हणू नकोस. दुखायला कोणीतरी आत बसलेलं लागतं. झाडाकडे मेंदू नाही. त्याला माहिती मिळते, एवढंच म्हण." मी म्हणायचो, तुमच्या रिसेप्टरचे भाऊबंद आपल्या मेंदूत आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही म्हणायचात, "नात्यातले आहेत म्हणून एकच काम करतात का? तुझा चुलतभाऊ पोलीस आहे." मग मी हसायचो आणि तुम्ही जिंकायचात. पण मला पटलेलं नव्हतं. अजूनही नाही. भाजी चिरताना हात थांबतो माझा.

या वर्षी तुमचे डोळे पिवळे दिसले तेव्हा कावीळ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मृण्मयी बडोद्याहून आली, तिने तुम्हाला दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. तुमची एकुलती एक मुलगी, वडील लहानपणीच गेलेले, तिला कोणाशी तरी बोलायचं होतं म्हणून तिने रिपोर्ट मला दवाखान्याच्या जिन्यात वाचायला दिला. स्वादुपिंडात गाठ, यकृतात पसरलेली. डॉक्टर तिला म्हणाले होते, थोडे आठवडे. ती म्हणाली, "काका, आईला सांगायचं नाही. ती खचेल." मी म्हटलं, बरं.

मंगळवारी दुपारी ती औषधं आणायला खाली गेली. खोलीत आपण दोघंच. तुमच्या हाताला सुई लावलेली. तुम्ही डोळे मिटून होतात, मला वाटलं झोपलात.

"वसंता, रिपोर्ट वाचलास?"

मी म्हटलं, "वरवर वाचला. बरा आहे. थोडी सूज आहे, उतरेल."

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. "वांग्याच्या रोपालासुद्धा कळवतात रे, कुठलं पान गेलं ते," तुम्ही म्हणालात. "मला कोणी कळवत नाहीये."

मला तेव्हा बोलता आलं असतं. दार उघडं होतं, पण कोणी येत नव्हतं. मी पाण्याचा ग्लास भरला, जो आधीच भरलेला होता, आणि पाणी टेबलावर सांडलं. ते पुसत बसलो. तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत आणि विचारलंत, अगाशीवरच्या कुंड्यांना पाणी कोण घालतंय. मी म्हटलं, मी घालतो. त्यानंतर आपण फक्त कुंड्यांवर बोललो. पुढच्या मंगळवारी तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून हे चाललंय माझं. उठतो, बसतो, जातो, वळतो. एकदा हो म्हटलं होतं आणि तोच गुन्हा पुन्हा केला, आणि या वेळी सहा महिन्यांनी जाळीची गुंडाळी घेऊन कोणी येणार नाही.

आज दुपारी मृण्मयी दुकानात आली. उद्या ती बडोद्याला परत जातेय, घराची एक किल्ली मला द्यायला आली होती. किल्ली दिली तरी जाईना. मग म्हणाली, "काका, आईने तुम्हाला काही विचारलं होतं का? रिपोर्टचं?"

मी म्हटलं, "विचारलं होतं, मंगळवारी तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा. मी खोटं बोललो."

ती स्टुलावर बसली. "मलाही विचारलं. त्याच दिवशी संध्याकाळी. मीही तेच सांगितलं, सूज आहे म्हणून." मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली सोल्डरगन मी खाली ठेवली. ती सकाळी डॉक्टरांचे आभार मानायला गेली होती. डॉक्टर तिला सहज म्हणाले, "तुमच्या आई धीराच्या होत्या. शेवटच्या मंगळवारी सकाळच्या फेरीत त्यांनी मला एकटं थांबवून सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके."

मंगळवारी सकाळी. आणि मला तुम्ही विचारलंत दुपारी.

मृण्मयी खूप रडली. "मग आम्हाला कशाला विचारलं तिने? परीक्षा घेत होती का आमची?" मी तिला पाणी दिलं, रिक्षात बसवून दिलं. नंतर शटर अर्धं ओढून हे लिहायला बसलो, ते आता उजेड कमी होत आलाय.

मला वाटत नाही तुम्ही परीक्षा घेत होतात. परीक्षा घ्यायची तर तुम्ही वर्गात घ्यायचात, आणि आधी सांगून. तुम्हाला माहिती मिळालेली होती. सकाळपासून ती एकट्याने घेऊन पडला होतात आणि ती कोणापुढे तरी ठेवायची होती. भीती वाटत असेल. मृण्मयीचं काय होईल ते बोलायचं असेल. कदाचित आपलं ते भांडणही पुढे न्यायचं असेल, दुखतं म्हणजे काय यावर, आता तर तुमच्याकडे सांगण्यासारखं होतं. समोरच्याने एकदा "हो, मला माहीत आहे" म्हटलं असतं तर तुम्हाला सुरुवात करता आली असती. तेवढंच हवं होतं. आणि मी सूज म्हणालो, तेव्हा तुम्ही माझी सोय केलीत. कुंड्यांवर बोललात, कारण त्यावर मला बोलता येत होतं.

ताई, रिपोर्ट वाचला मी. नीट वाचला, जिन्यात उभं राहून, दोनदा. गाठ स्वादुपिंडात आहे आणि ती यकृतात गेलेली आहे. थोडे आठवडे, असं ते म्हणतात. मला फार भीती वाटते आहे.

मी इथेच बसलोय. तुम्ही बोला.